४१ कोटी ओळींची टॅब-विभक्त यादी : 'सॉर्ट' कमांडचा वेळ कसा कमी करावा?

शब्दवेचक (प्रश्न)

नमस्कार. मराठी शब्दांच्या वारंवारितेची एक यादी तयार करण्याचे काम मी गेले काही महिने करत आहे. जुनी नियतकालिके, संकेतस्थळांवरील लेख आणि काही स्वयंसेवकांनी टंकलिखित करून दिलेली पुस्तके यांतून शब्द सुटे करून मी साध्या मजकुराच्या फाइली बनवल्या आहेत. प्रत्येक ओळीत टॅबने वेगळे केलेले चार रकाने आहेत : शब्द, स्रोताचा क्रमांक, दिनांक आणि त्या स्रोतात तो शब्द किती वेळा आला ती संख्या. फाइली जीझिपने दाबून ठेवल्या आहेत. त्या उलगडल्या की एकूण आकार सुमारे २२ जीबी भरतो आणि ओळी ४१ कोटींच्या घरात जातात.

सध्या मी 'झेडकॅट'ने सर्व फाइली उलगडून पाइपमधून (एका कमांडचा निकाल फाइल न बनवता दुसरीला देण्याच्या सोयीने) थेट 'सॉर्ट' या क्रमवारी लावणाऱ्या कमांडकडे देतो, 'स्मॉल के'च्या पर्यायात १ लिहून पहिल्या रकान्यावर क्रमवारी लावतो आणि मग एका छोट्या स्क्रिप्टने लागोपाठ आलेल्या समान शब्दांच्या संख्यांची बेरीज करतो. लॅपटॉपवर उबुंटू आहे, १६ जीबी मेमरी, चार कोअर आणि एसएसडी आहे, आणि यंत्रणेची भाषा मी मराठी ठेवलेली आहे. या सगळ्याला साडेपाच तास लागतात. प्रोसेसर आणि मेमरीचा वापर दाखवणाऱ्या 'टॉप'मध्ये पाहिले तर बहुतेक वेळ एकच कोअर राबत असतो आणि मेमरी जवळजवळ रिकामी दिसते, हे मला समजत नाही. गेल्या आठवड्यात तर चार तास चालल्यावर डिस्कवर जागा उरली नाही असा संदेश देऊन काम थांबले, आणि होम डिरेक्टरीत तर २०० जीबी मोकळे होते.

पुढे हीच यादी मला शब्द आणि शब्दजाती असलेल्या दुसऱ्या फाइलशी 'जॉइन'ने जोडायची आहे. दर आठवड्याला नव्या फाइली येत असल्याने प्रत्येक वेळी साडेपाच तास घालवणे शक्य नाही. नवे यंत्र न घेता, कमांड लाइनवरच्या नेहमीच्या साधनांनी हा वेळ कमी करता येईल का?

कळफलक (उत्तर)

आपण दिलेल्या वर्णनातच तिन्ही अडचणींची कारणे आहेत. सर्वांत मोठ्या कारणापासून सुरुवात करतो.

आपल्या यंत्रणेचे लोकेल, म्हणजे भाषा आणि तिचे क्रमाचे नियम ठरवणारी मांडणी, मराठी आहे, त्यामुळे 'सॉर्ट' दोन शब्दांची तुलना करताना त्यांचे बाइट पाहत नाही, तर त्या लोकेलच्या नियमांप्रमाणे प्रत्येक अक्षराचे क्रमवजन काढून मग तुलना करते. हे वजन एकदा काढून जपून ठेवले जात नाही. ४१ कोटी ओळींची क्रमवारी लावताना एकेक ओळ साधारण २८-२९ वेळा तुलनेला उभी राहते आणि दरवेळी तोच हिशेब नव्याने होतो. 'सॉर्ट'च्या आधी, त्याच ओळीवर, 'एलसी ऑल' या व्हेरिएबलचे मूल्य 'सी' असे लिहिले की तुलना निव्वळ बाइटांची होते, आणि प्रोसेसर हे काम अतिशय वेगाने करतो. एवढ्या एका बदलाने वेळ कित्येक पटींनी उतरतो. यूटीएफ-८ मध्ये बाइटांचा क्रम आणि यूनिकोडमधील अक्षरक्रमांकांचा क्रम एकच असतो, त्यामुळे देवनागरी मजकूर विस्कटत नाही. समान शब्द शेजारी येतात आणि बेरजेसाठी तेवढेच हवे आहे.

दुसरे कारण पाइपचे आहे. 'सॉर्ट'ला फाइलचे नाव दिले तर ती आधी आकार पाहून मेमरी मागून घेते. पाइपमधून किती मजकूर येणार आहे हे मात्र तिला कळू शकत नाही, म्हणून ती लहानशा बफरने (कामासाठी राखून ठेवलेल्या मेमरीने) सुरुवात करते, तो भरला की तेवढ्याच ओळींची क्रमवारी लावते, तात्पुरती फाइल लिहिते आणि पुढचा घास घेते. घास इतका लहान असतो की तो अनेक थ्रेडमध्ये (वेगवेगळ्या कोअरवर एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्यांत) वाटण्याजोगा नसतोच. आपल्याला एकच कोअर राबताना दिसतो तो यामुळे. शिवाय अशा बारीक तात्पुरत्या फाइली ढिगाने साचतात आणि 'सॉर्ट' एका वेळी १६ फाइलीच एकत्र करत असल्याने तोच मजकूर डिस्कवरून पुन्हा पुन्हा वाचला आणि लिहिला जातो. 'कॅपिटल एस' या पर्यायाने बफरचा आकार स्वतः सांगावा. आपल्या १६ जीबीच्या यंत्रावर १० जीबी योग्य ठरेल. त्याहून जास्त मागितले आणि यंत्रणा स्वॅपवर गेली, म्हणजे मेमरी अपुरी पडून डिस्क वापरू लागली, तर मिळवलेले सगळे गमावून बसाल. प्रत्येक ओळीच्या मजकुराशिवाय तिची नोंद ठेवायला 'सॉर्ट'ला किमान ३२ बाइट लागतात आणि थ्रेड वाढले की ही भर आणखी वाढते. आपल्या ओळी सरासरी ५०-५५ बाइटांच्या आहेत, त्यामुळे हा वरचा भार लहान नाही. तरीही १० जीबीच्या बफरने तात्पुरत्या फाइलींची संख्या १६ च्या आतच राहील आणि एकाच फेरीत सर्व एकत्र होतील. थ्रेडची संख्या वेगळी सांगण्याची गरज नाही. नव्या आवृत्त्या उपलब्ध कोअर पाहून आठपर्यंत थ्रेड आपणहून वापरतात.

जागा संपण्याचे कारण असे की तात्पुरत्या फाइली मुळात 'टेम्प' डिरेक्टरीत लिहिल्या जातात आणि आपल्याकडे ती वेगळ्या, लहान विभागावर असावी. मोकळी जागा दाखवणाऱ्या 'डीएफ' कमांडने एकदा खात्री करून घ्या. काही वितरणांत तर 'टेम्प' ही मेमरीतच मांडलेली असते. तिथे तात्पुरत्या फाइली लिहिणे म्हणजे ज्या मेमरीची टंचाई आहे तीच खर्च करणे होय. 'कॅपिटल टी' हा पर्याय देऊन होममधील एखादी रिकामी डिरेक्टरी दाखवावी. जागा तरीही कमी पडली तर 'कॉम्प्रेस प्रोग्रॅम' या लांब नावाच्या पर्यायाला 'झेडएसटीडी' हे नाव द्यावे, म्हणजे तात्पुरत्या फाइली दाबून लिहिल्या जातात. हळू डिस्कवर याने वेगही वाढतो. एसएसडीवर केवळ जागा वाचते असे धरून चाला.

आणखी एक बाब. 'स्मॉल के'पुढे नुसता १ लिहिला की त्याचा अर्थ 'पहिल्या रकान्यापासून ओळीच्या शेवटापर्यंत' असा होतो. आपल्याला पहिला रकानाच हवा आहे, म्हणून १, स्वल्पविराम, पुन्हा १ असे लिहावे आणि 'स्मॉल टी'ने टॅब हा विभाजक असल्याचे सांगावे. त्याच्या जोडीला 'स्मॉल एस'ही द्यावा. दोन ओळींचा शब्द समान निघाला की 'सॉर्ट' बरोबरी सोडवण्यासाठी शेवटी संपूर्ण ओळींची तुलना करते. आपल्या यादीत 'आणि', 'आहे', 'या' असे शब्द लाखो वेळा येत असणार, म्हणजे बरोबरी पावलोपावली होणार. 'स्मॉल एस' दिला की ही शेवटची तुलना टळते. आपण सांगितलेली किल्ली, म्हणजे क्रमवारीसाठी पाहिला जाणारा ओळीचा भाग, नेमकी कुठून कुठपर्यंत धरली जाते आहे याची शंका असेल, तर दहा-वीस ओळींच्या नमुन्यावर 'डीबग' हा पर्याय चालवून पाहावा; किल्लीचा भाग तो प्रत्येक ओळीखाली रेघ ओढून दाखवतो.

जुनेजाणते (उत्तर)

वरील उत्तर अचूक आहे आणि ज्यांना खरोखरच ४१ कोटी ओळींची क्रमवारी हवी आहे त्यांनी ते जसेच्या तसे अमलात आणावे. मला मात्र आपल्याला विचारावेसे वाटते की ती क्रमवारी आपल्याला हवी आहे का? आपले उद्दिष्ट प्रत्येक शब्दाची एकूण वारंवारिता हे आहे. समान शब्द शेजारी यावेत एवढ्यासाठीच आपण एवढ्या ओळी क्रमाने लावत आहात, आणि बेरीज झाल्यावर त्या ओळी टाकूनच देत आहात.

बेरजेसाठी शब्द शेजारी असण्याची गरज नाही. 'ऑक' या रकानेवार मजकूर हाताळणाऱ्या साधनामध्ये शब्द हीच किल्ली धरून एक सारणी ठेवावी, प्रत्येक ओळीचा चौथा रकाना त्या शब्दाच्या खात्यात मिळवत जावे आणि सर्व ओळी संपल्यावर शब्द व बेरीज टॅबने जोडून छापावी. एका ओळीत मावेल एवढाच हा कार्यक्रम आहे. याला ४१ कोटी ओळी मेमरीत ठेवाव्या लागत नाहीत, फक्त वेगवेगळे शब्द ठेवावे लागतात. मराठीत 'घर'पासून 'घरात', 'घरातून', 'घरातल्या', 'घरापुढचा' अशी रूपे फुटत जातात, त्यात टंकलेखनाच्या चुकांची भर पडते, म्हणून वेगळ्या शब्दांची संख्या इंग्रजीच्या मानाने मोठी निघेल. पण ती काही दशलक्षांच्या घरात असेल तर १६ जीबी मेमरीत ती निर्धास्त बसते. मग या लहान यादीला 'सॉर्ट'मधून काढावे. ते काम काही सेकंदांचे आहे.

'ऑक'चे दोन अवतार प्रचलित आहेत. अशा साध्या बेरजेला 'जीऑक'पेक्षा 'एमऑक' बहुधा वेगवान ठरतो आणि उबुंटूवर तो सहज बसवता येतो. आपल्या फाइलींना शीर्षकाची ओळ असेल तर 'झेडकॅट'ने सगळ्या सलग जोडल्यावर त्या ओळी मध्ये मध्ये विखुरल्या जातात, तेव्हा चौथ्या रकान्यात संख्येऐवजी शीर्षक असलेल्या ओळी 'ऑक'मध्येच वगळाव्यात.

दर आठवड्याच्या भरतीसाठी जुन्या फाइलींना पुन्हा हात लावू नये. नव्या फाइलींची तेवढी बेरीज करावी, ती क्रमाने लावावी आणि मागील आठवड्याच्या क्रमबद्ध यादीशी 'सॉर्ट'च्या 'स्मॉल एम' या पर्यायाने मिसळावी. हा पर्याय नव्याने क्रमवारी लावत नाही. आधीच क्रमात असलेल्या फाइली समोरासमोर ठेवून एकदा वाचत जातो आणि ओवत जातो. मिसळलेल्या यादीत एकच शब्द दोनदा येईल, त्यासाठी आपली जुनी बेरजेची स्क्रिप्ट शेवटी लावावी.

शब्दवेचक

दोघांचेही मनापासून आभार. दोन्ही पद्धती करून पाहिल्या. कळफलक यांनी सांगितल्याप्रमाणे संपूर्ण क्रमवारी लावली तेव्हा साडेपाच तासांचे काम पाऊण तासाच्या आत आले आणि चारही कोअर राबताना दिसले. 'एमऑक'ने बेरीज करून मग क्रमवारी लावली, तेव्हा फाइली उलगडण्यासकट एकूण १२ मिनिटे लागली. वेगळे शब्द ६० लाखांहून थोडे जास्त निघाले. एवढी वर्षे 'सॉर्ट' वापरूनही पाइप आणि बफर यांचा हा संबंध मला ठाऊक नव्हता.

आता दोन नव्या अडचणी आल्या आहेत. पहिली अशी की शब्दजातींच्या फाइलशी 'जॉइन' करताना फाइल क्रमाने नाही असा इशारा येतो आणि निम्म्याहून अधिक शब्द जोडलेच जात नाहीत, वास्तविक दोन्ही फाइली मी क्रमाने लावल्या आहेत. दुसरी अडचण विचित्र आहे : 'खुरपणी' या शब्दाची एकूण वारंवारिता शून्य आली आहे. शब्द यादीत आहे, म्हणजे तो कुठेतरी आलेला आहे. मग बेरीज शून्य कशी? असे आणखी काही हजार शब्द आहेत.

अक्षरओळख (उत्तर)

पहिल्या अडचणीचे कारण असे की आपण मोठी यादी 'सी' लोकेलमध्ये लावली, पण 'जॉइन' कमांड मात्र मराठी लोकेलमध्ये चालवली. 'जॉइन' आणि (दोन क्रमबद्ध फाइलींची तुलना करणारी) 'कॉम' या कमांड स्वतः क्रमवारी लावत नाहीत, त्या आपल्या लोकेलच्या नियमांनी क्रम गृहीत धरतात. दोन्ही फाइली 'सी' लोकेलमध्ये लावाव्यात आणि 'जॉइन'च्याही आधी 'एलसी ऑल'चे मूल्य 'सी' लिहावे. शब्दजातींची फाइल आपण पूर्वी कधी मराठी लोकेलमध्ये लावून ठेवली असेल तर तीही पुन्हा लावून घ्या. याच कारणासाठी साठवून ठेवायच्या याद्या नेहमी 'सी' क्रमात ठेवाव्यात असा माझा आग्रह असतो. भाषानिहाय क्रमाचे नियम बदलत असतात. २०१८ साली 'जीलिबसी' या लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीच्या २.२८ या आवृत्तीत ते मोठ्या प्रमाणावर बदलले आणि जुन्या क्रमावर विसंबून असलेल्या डेटाबेसांच्या अनुक्रमणिका चुकीच्या ठरू लागल्या. बाइटांचा क्रम कोणत्याही यंत्रावर आणि कोणत्याही वर्षी तोच राहतो.

दुसऱ्या अडचणीबद्दल माझा अंदाज असा आहे की काही स्वयंसेवकांनी संख्या देवनागरी अंकांत लिहिल्या आहेत. 'ऑक'ला आणि 'सॉर्ट'च्या 'स्मॉल एन' या पर्यायालाही देवनागरी अंक अंक म्हणून कळत नाहीत. ती संख्या शून्य धरली जाते आणि कोणताही इशारा मिळत नाही. 'खुरपणी' हा शब्द केवळ अशाच फाइलींत आला असेल तर त्याची बेरीज शून्य दिसेल. पण जास्त काळजीची गोष्ट वेगळी आहे : 'पाणी' किंवा 'शेत' यांसारख्या शब्दांची बेरीजही कमी आलेली असणार, आणि ती शून्य नसल्यामुळे नजरेला येणार नाही. त्यामुळे केवळ शून्य आलेले शब्द दुरुस्त करून थांबू नये, बेरीज मुळापासून पुन्हा करावी.

अंक बदलण्यासाठी 'टीआर' कमांड वापरू नका. ती एकेक बाइट बदलते आणि देवनागरीचे प्रत्येक अक्षर तीन बाइटांचे असल्याने मजकूर नासतो. मजकुरात बदल करणाऱ्या 'सेड' कमांडमधील 'स्मॉल वाय' हा आदेश दहा अंकांना दहा अंक जोडून देतो, मात्र तो यूटीएफ-८ लोकेलमध्येच चालतो. 'सी' लोकेलमध्ये त्याला एका बाजूला ३० बाइट आणि दुसऱ्या बाजूला १० दिसतात आणि तो लांबी जुळत नाही म्हणून नकार देतो. म्हणून 'एलसी ऑल'चे मूल्य संपूर्ण सत्रासाठी निर्यात करून ठेवू नये, ज्या कमांडला 'सी' हवे तिच्यापुढेच लिहावे.

आपले काम शब्दांचे आहे म्हणून आणखी एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. बाइटांची तुलना वेगवान असते, पण ती डोळ्यांना सारखे दिसणारे शब्द सारखे मानत नाही. 'दुसऱ्या' हा शब्द घ्या. काही कळफलक त्यातील ऱ्या हा ०९३१ या यूनिकोड क्रमांकाचा ऱ, हलन्त आणि य असा लिहितात, तर काही साधा र, हलन्त, २००डी क्रमांकाचा अदृश्य जोडक आणि य असा लिहितात. 'दुसऱ्या' आणि 'दुसर्‍या' हे दोन्ही पडद्यावर एकसारखे उमटतात, पण आपल्या यादीत दोन ओळी होतील आणि वारंवारिता दोघांत विभागली जाईल. 'ॲप' आणि 'अॅप' यांचेही तसेच : एकात ०९७२ क्रमांकाचे अखंड अक्षर आहे, दुसऱ्यात अ आणि त्यावर चंद्र असे दोन क्रमांक आहेत. यूनिकोडचे प्रमाणीकरण या दोन्ही जोड्या एक करत नाही. ते फक्त र आणि नुक्ता यांना ऱ मध्ये मिळवते. तेव्हा बेरजेच्या आधी 'सेड'ने हे दोन बदल स्वतः करून घ्यावेत. शंका आली की शब्द 'एक्सएक्सडी'मधून काढून त्याचे बाइट पाहावेत, दोन ओळींमधला फरक तिथे लगेच दिसतो.

शब्दवेचक

अंदाज तंतोतंत खरा निघाला. एका गटाकडून आलेल्या सर्व फाइलींमध्ये चौथा रकाना देवनागरी अंकांत होता. तेवढ्याच फाइली 'सेड'मधून काढून बेरीज पुन्हा केली. 'खुरपणी' आता २१४ वेळा आलेली दिसते. 'दुसऱ्या'च्या दोन ओळी होत्या त्या एक झाल्या आणि 'जॉइन'ही इशारा न देता पूर्ण झाले.

शेवटची एक शंका. वाचकांना द्यायच्या अंतिम यादीत शब्द मराठी वर्णक्रमाने हवेत. 'सी' क्रमाच्या यादीत 'कळ' हा शब्द 'कवच'च्या आधी येतो आणि 'ॲप'पासून सुरू होणारे सगळे शब्द ह च्याही पलीकडे, अगदी शेवटी जाऊन पडतात. यासाठी पुन्हा मराठी लोकेलकडे जावे का?

अक्षरओळख

अंतिम यादी ६० लाख ओळींचीच असल्याने लोकेलने क्रमवारी लावली तरी वेळेचे ओझे होणार नाही. पण वर सांगितल्याप्रमाणे तो क्रम यंत्रागणिक बदलू शकतो, म्हणून मी क्रमाची किल्ली स्वतः तयार करतो.

यूनिकोडमध्ये देवनागरीचा क्रम बराचसा आपल्या वर्णक्रमासारखाच आहे. व्यंजनांनंतर काना-मात्रा आणि त्यांच्यानंतर हलन्त येतो, त्यामुळे 'कह'नंतर 'का' आणि 'कौ'नंतर 'क्य' हा शब्दकोशांतला क्रम बाइटांच्या तुलनेतही आपोआप मिळतो. मोठा अपवाद ळ चा आहे. त्याचा क्रमांक ०९३३, म्हणजे ल ला लागून, व च्या आधी आहे. आपल्याला तो ह नंतर हवा, पण कान्याच्या आधी हवा, नाहीतर 'कळ' हा शब्द 'का'च्या पुढे निघून जाईल. ह चा क्रमांक ०९३९ आणि कान्याचा ०९३ई आहे. या दोघांच्या मधल्या अगदी थोड्या जागांपैकी एक, ०९३डी, ही अवग्रहाची आहे, आणि अवग्रह मराठी शब्दांत क्वचितच येतो. म्हणून शब्दाची एक प्रत पहिल्या रकान्यात घ्यावी, त्या प्रतीत ळ च्या जागी अवग्रह लिहावा आणि ॲ च्या जागी ०९०डी क्रमांकाचा ऍ लिहावा, म्हणजे 'ॲप' ए च्या किंचित आधी येऊन बसेल. या रकान्यावर 'सी' लोकेलमध्ये क्रमवारी लावावी आणि शेवटी 'कट'ने तो रकाना काढून टाकावा. क्ष आणि ज्ञ या पद्धतीत क आणि ज यांच्या पोटात राहतील. ते वर्णमालेच्या शेवटी स्वतंत्र हवे असतील तर शब्दाच्या आरंभी आलेल्या क्ष आणि ज्ञ यांच्यापुढे, फक्त किल्लीत, असाच एखादा मागे बसणारा क्रमांक जोडावा लागेल.

अवग्रह खरोखरच आपल्या शब्दांत येतो का हे मात्र आधी 'ग्रेप' या शोधाच्या कमांडने मोजून घ्या. 'अरेऽऽ' यांसारखे हेल काढलेले उद्गार नाटकांच्या संवादांत सापडतात. तेवढे शब्द बाजूला काढून वेगळे तपासले की झाले.